केशनिर्मूलन

शरीराच्या एखाद्या भागावरील नकोसे केस पुन्हा उगवणार नाहीत अशा रीतीने त्यांच्या मुळांसह नष्ट करण्याच्या क्रियेस केशनिर्मूलन म्हणतात. केस त्वचेच्या पृष्ठभागापाशी कापणे, रसायनाने विरघळविणे किंवा उपटून काढणे या क्रियांचा परिणाम मात्र तात्पुरता असतो. त्यांना केशहरण म्हणता येईल. या दोहोंतील भेद व्यवहारात पुष्कळदा पाळला जात नाही आणि ‘कायमचे’ हे विशेषण सैलपणे वापरले जाते. केशनिर्मूलन घरच्या घरी करावे की तज्ञाकडून करून घ्यावे, या प्रश्नाचे उत्तर मुख्यतः केसाच्या रचनेवर आणि वाढीवर अवलंबून आहे.

केसाची रचना व वाढ : त्वचेबाहेर दिसणारा केसाचा भाग निर्जीव असून तो केराटिन या प्रथिनाचा बनलेला असतो. जिवंत भाग त्वचेत खोल, केशपुटक या नळीसारख्या पोकळीत असतो. जाड केसांच्या बाबतीत ही खोली सर्वसाधारणपणे २ ते ५ मिमी. असते. पुटकाच्या तळाशी रक्तवाहिन्यांनी युक्त असा अंकुरक आणि त्याभोवती केसाचा कंद असतो. त्याहून वर, केस उभा करणारा सूक्ष्म स्नायू जेथे जोडलेला असतो तेथे, पुटकाला एक फुगवटा असतो. या फुगवट्यात नव्या केसाची निर्मिती पुन्हापुन्हा सुरू करणाऱ्या मूल कोशिका (पेशी) असतात, असे १९९० मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनाने दाखवून दिले. कंद उपटला गेला, तरी या कोशिका शाबूत राहिल्यास केस पुन्हा उगवतो. म्हणून चिमट्याने, दोऱ्याने वा मेणाने काढलेले केस काही आठवड्यांनी परत येतात.

मानवी शरीरावर सु. ५० लक्ष केशपुटके असतात आणि ती सर्व जन्मापूर्वीच तयार झालेली असतात. यौवनावस्थेत पौरुषजन हॉर्मोनांच्या प्रभावाने काही पुटकांतील मऊ, रंगहीन लव जाड व काळ्या केसांत बदलते. हा बदल पुढेही चालू राहू शकतो. त्यामुळे एका भागातील सर्व जाड केस नष्ट केले, तरी शेजारच्या लवेचे केसांत रूपांतर होऊन तेथे पुन्हा केस दिसू शकतात. असे केस म्हणजे उपचाराचे अपयश नव्हे. परंतु रुग्णाला हा फरक जाणवत नाही.

प्रत्येक केसाचे वाढ, संक्रमण व विश्रांती अशा तीन अवस्थांचे चक्र चालू असते. डोक्यावरील केसांची वाढीची अवस्था सु. २ ते ६ वर्षे टिकते, तर हातपायांसारख्या भागांवर ती काही महिन्यांचीच असते. सर्व पुटके एकाच वेळी एकाच अवस्थेत नसतात. कोणत्याही दिवशी त्यांपैकी काही विश्रांती घेत असतात व त्यांच्यावर उपचाराचा परिणाम कमी होतो. म्हणून एकाच बैठकीत कायमचे केशनिर्मूलन होणे शक्य नसते.

इतिहास : केशहरणाची द्रव्ये प्राचीन काळापासून ज्ञात आहेत. सुश्रुतसंहितेत व्रणचिकित्सेच्या साठ उपक्रमांमध्ये लोमापहरणाचा समावेश असून त्यासाठी शंखचूर्ण दोन भाग व हरताळ एक भाग यांचा लेप सांगितला आहे. पश्चिम आशियात चुनखडी व हरताळ यांचे मिश्रण दीर्घकाळ प्रचारात होते. हरताळ हे आर्सेनिकाचे संयुग असल्यामुळे हे लेप विषारी होते, शिवाय त्यांचा परिणाम तात्पुरताच होता.

केशनिर्मूलनाची पहिली खात्रीची पद्धत नेत्रवैद्यकातून आली. पापणीचे केस आत वळून बुबुळाला टोचणे या विकारावर अमेरिकेतील सेंट लूइस येथील नेत्रवैद्य चार्ल्स यूजीन मिशेल यांनी बारीक सुईमधून विद्युत् प्रवाह सोडून केसाचे मूळ जाळण्याची युक्ती योजिली आणि १८७५ मध्ये ती प्रसिद्ध केली. लवकरच त्वचारोगतज्ञांनी चेहऱ्यावरील केसांसाठी तिचा अवलंब केला. ही पद्धत संथ होती. एका वेळी एकच केस काढता येत असे. त्यामुळे जलद व वेदनारहित उपायाचा शोध चालू राहिला आणि त्यातूनच या विषयाच्या इतिहासातील दोन दुःखद प्रकरणे घडली.

क्ष-किरणांचा शोध १८९५ च्या अखेरीस लागला. पुढच्याच वर्षी त्यांच्यामुळे केस गळतात असे आढळून आले व व्हिएन्ना येथे लेओपोल्ट फ्रॉइंट यांनी एका बालिकेच्या पाठीवरील केसाळ डाग त्यांच्या साहाय्याने उपचारिला. १९२० नंतर अमेरिकेत क्ष-किरणांनी केस काढणारी व्यापारी सौंदर्यगृहे निघाली. उपचारात वेदना होत नसत व केस खरोखरच गळून पडत. परंतु अनेक वर्षांनंतर अशा स्त्रियांच्या त्वचेवर सुरकुत्या, व्रण आणि कर्करोग उद्भवले. दुसरे प्रकरण घरगुती मलमाचे होते. १९३० च्या सुमारास अमेरिकेत ‘कोरेम्लू’ या नावाने विकल्या जाणाऱ्या मलमात थॅलियम ॲसिटेट हे विष होते. ते वापरणाऱ्या स्त्रियांपैकी काहींच्या डोक्यावरील केस गळाले, दृष्टी अधू झाली, हातपाय लुळे पडले. औषधांप्रमाणे सौंदर्यप्रसाधनांवरही कायद्याचे नियंत्रण हवे, या मागणीला अशा घटनांमुळे बळ मिळाले व १९३८ मध्ये अमेरिकेत तसा कायदा झाला. एक हानी व्यावसायिकांच्या हातून झाली, तर दुसरी घरच्या घरी. उपचार कोठे केला यापेक्षा तो कशाने व कोणत्या ज्ञानाच्या आधारे केला, हे अधिक महत्त्वाचे आहे, एवढे या दोन्हींवरून दिसते.

तात्पुरते उपाय : वस्तरा, दोरा, चिमटा, मेण व केशनाशक मलमे हे घरगुती उपायांपैकी सर्वांत प्रचलित होत. आधुनिक मलमांत थायोग्लायकॉलिक अम्लाची लवणे असतात. तीव्र क्षारीय माध्यमात ती केराटिनातील गंधकाचे बंध तोडतात व केस मऊ होऊन पुसला जातो. त्वचेतही केराटिन असल्यामुळे मलम ठरलेल्या वेळेपेक्षा अधिक काळ राहिल्यास दाह होतो. वस्तऱ्याने केस अधिक जाड व दाट होतात ही समजूत निराधार आहे. मिल्ड्रेड ट्रॉटर यांनी १९२८ मध्येच दाढीच्या केसांवरील प्रयोगांनी तिचे खंडन केले होते. कापलेल्या केसाचे टोक बोथट असल्यामुळे तो केवळ राठ भासतो. हे सर्व उपाय योग्य काळजी घेतल्यास घरी करण्यास हरकत नसते. कारण त्यांपैकी कोणताही उपाय केशपुटक कायमचे नष्ट करीत नाही.

विद्युत् विच्छेदन : या पद्धतीत अतिशय बारीक सुई केशपुटकात सरकवून तिच्यातून विद्युत् प्रवाह सोडतात. तिचे तीन प्रकार आहेत. (१) एकदिश प्रवाहाची मूळ पद्धत : सुई ऋणाग्राला जोडतात व धनाग्र रुग्णाच्या हातात देतात. ऊतकातील मीठ व पाणी यांचे विच्छेदन होऊन सुईभोवती सोडियम हायड्रॉक्साइड हा दाहक क्षार तयार होतो आणि तो पुटकातील कोशिका नष्ट करतो. क्षार पुटकाच्या वेड्यावाकड्या कोपऱ्यांतही पसरत असल्यामुळे ही पद्धत सर्वांत खात्रीची, पण सर्वांत संथ आहे. (२) उष्णताविच्छेदन : उच्च कंप्रतेच्या प्रत्यावर्ती प्रवाहाने पुटकातील पाण्याचे रेणू कंप पावतात व उष्णता निर्माण होते. फ्रान्समधील लीआँ येथील आंरी बॉर्द्ये यांनी १९२० नंतरच्या दशकात ही पद्धत प्रचारात आणली. प्रत्येक केसाला एखादा सेकंद किंवा त्याहूनही कमी वेळ पुरतो. परंतु वक्र पुटकांत उष्णता तळापर्यंत पोहोचेलच असे नाही. (३) संमिश्र पद्धत : दोन्ही प्रवाह एकाच सुईतून सोडतात. अमेरिकेत आर्थर हिंकल व आंरी सेंट पीअर यांनी विकसित केलेल्या या पद्धतीला १९४८ मध्ये एकस्व (पेटंट) मिळाले. प्रवाहाची मात्रा मोजण्यासाठी हिंकल यांनी एक एककही ठरविले : एक दशांश मिलिअँपिअर प्रवाहाने एका सेकंदात तयार होणारा क्षार म्हणजे एक एकक. केस जितका जाड व खोल, तितकी अधिक एकके लागतात.

केसाचा वा त्वचेचा रंग कोणताही असला, तरी विद्युत् विच्छेदनाचा परिणाम होतो. पांढऱ्या केसांवर चालणारा कायमचा उपाय हाच होय. अमेरिकेचे अन्न व औषध प्रशासन ‘कायमचे केशनिर्मूलन’ ही संज्ञा याच पद्धतीला लावते. मात्र एकेक केस हाताळावा लागत असल्यामुळे मोठ्या भागासाठी ती वेळखाऊ ठरते. पुरुषी दाढीचे सर्व केस काढून टाकण्यास, उदा., लिंगांतर करणाऱ्या व्यक्तींच्या बाबतीत, शंभराहून अधिक तास लागू शकतात.

प्रकाशकिरणांच्या पद्धती : अँडरसन व पॅरिश या अमेरिकन शास्त्रज्ञांनी १९८३ मध्ये निवडक प्रकाशोष्मीय विनाशाचे तत्त्व मांडले. एखाद्या रंगद्रव्याने विशेषेकरून शोषली जाणारी तरंगलांबी निवडली आणि प्रकाशाची स्पंदे योग्य तेवढ्याच कालावधीची ठेवली, तर आसपासच्या ऊतकाला इजा न होता ते रंगद्रव्य असलेला भागच तापतो. केसाच्या बाबतीत हे रंगद्रव्य म्हणजे मेलॅनीन (कृष्णरंजक) होय. केसाने शोषलेली उष्णता कंद व फुगवटा यांच्यापर्यंत पोहोचून पुटक नष्ट होते. त्वचेचा बाह्य थर काही सहस्रांश सेकंदांत थंड होतो. जाड केसाच्या पुटकाला त्याहून कितीतरी अधिक वेळ लागतो. स्पंदाचा कालावधी या दोहोंच्या दरम्यान ठेवल्यास त्वचा वाचते व पुटक जळते. रूबी (६९४ नॅमी.), ॲलेक्झांड्राइट (७५५ नॅमी.), डायोड (सु. ८०० ते ८१० नॅमी.) व निओडिमियम-याग (१,०६४ नॅमी.) हे लेसर वापरात आले. अनेक तरंगलांब्यांचा मिश्र प्रकाश देणारी तीव्र स्पंदित प्रकाशाची उपकरणे (आयपीएल) लेसरहून वेगळी असली, तरी त्यांचे तत्त्व तेच आहे.

या पद्धतींची मर्यादा त्यांच्या तत्त्वातच आहे. पांढरे, सोनेरी वा अगदी बारीक केस प्रकाश पुरेसा शोषत नाहीत. उलट सावळ्या त्वचेच्या बाह्य थरातही मेलॅनीन असल्यामुळे केसांसाठी सोडलेली ऊर्जा त्वचाच शोषून घेते. त्यामुळे पोळणे, काळे वा पांढरे डाग पडणे असे परिणाम होतात. भारतीयांच्या बाबतीत हा प्रश्न विशेष महत्त्वाचा आहे. सावळ्या त्वचेसाठी मेलॅनिनाने कमी शोषली जाणारी व अधिक खोल जाणारी १,०६४ नॅमी. ही तरंगलांबी सर्वांत सुरक्षित मानतात. तसेच स्पंदाचा कालावधी वाढवितात व उपचाराच्या वेळी त्वचा थंड ठेवतात. अमेरिकेचे अन्न व औषध प्रशासन या उपकरणांच्या बाबतीत ‘कायमची घट’ एवढाच शब्दप्रयोग मान्य करते. उपचारमालिकेनंतर पुन्हा उगवणाऱ्या केसांची संख्या केसाच्या एका संपूर्ण चक्राहून अधिक काळ स्थिर व कमी राहणे, असा त्याचा अर्थ आहे. सर्व केस कायमचे जातील असे त्यात अभिप्रेत नाही. बहुधा ४ ते ८ आठवड्यांच्या अंतराने ६ किंवा अधिक बैठकी घ्याव्या लागतात व पुढेही अधूनमधून उपचार करावा लागतो.

घरगुती उपकरणे : घरी वापरावयाचे डायोड लेसर उपकरण अमेरिकेत २००८ मध्ये प्रथम मान्य झाले. त्यानंतर तीव्र स्पंदित प्रकाशाची अनेक हातउपकरणे बाजारात आली. ती अप्रशिक्षित व्यक्तीच्या हाती जाणार असल्यामुळे त्यांची ऊर्जा व्यावसायिक यंत्रांपेक्षा हेतुतः पुष्कळच कमी ठेवलेली असते. अनेक उपकरणांत त्वचेचा रंग ओळखून गडद त्वचेवर चालण्यास नकार देणारा संवेदकही असतो. परिणामी त्यांची सुरक्षितता व त्यांचे दुबळेपण ही एकाच कारणाची दोन फळे आहेत. कमी ऊर्जेने पुटक बहुधा नष्ट होत नाही, तर विश्रांतीच्या अवस्थेत ढकलले जाते. गोऱ्या त्वचेवरील काळ्या केसांत नियमित वापराने लक्षणीय घट होते. पण वापर थांबविल्यावर बरेच केस परत येतात. संवेदकाला चकवून किंवा एकाच जागी वारंवार स्पंद सोडून ही उणीव भरून काढण्याचा प्रयत्न केल्यास त्वचा पोळते.

विजेवर चालणाऱ्या सुईची घरगुती उपकरणेही मिळतात. तत्त्वतः त्यांच्यामुळे पुटक नष्ट होऊ शकते. अडचण कौशल्याची आहे. सुई केसाच्या दिशेने, योग्य कोनात व योग्य खोलीपर्यंत, त्वचेला न टोचता सरकवावी लागते. त्यासाठी चांगला प्रकाश, भिंग व मोकळे दोन हात लागतात. स्वतःच्या हनुवटीवर आरशात पाहून हे साधणे अतिशय कठीण असते. सुई उथळ राहिल्यास पृष्ठभाग जळून वण पडतो. भलत्याच दिशेने गेल्यास केस तसाच राहतो. सुई चुकून धनाग्राला जोडली गेल्यास पोलादातील लोहाचे कण त्वचेत उतरून गोंदल्यासारखा काळा ठिपका कायम राहू शकतो. नुसत्या चिमट्याने केस पकडून त्यातून प्रवाह सोडणारी उपकरणेही ‘कायमच्या’ उपायाच्या नावाने विकली गेली आहेत. परंतु कोरडा केस विजेचा दुर्वाहक असल्यामुळे प्रवाह मुळापर्यंत पोहोचत नाही आणि परिणाम साध्या उपटण्याहून वेगळा होत नाही.

निदानाचे महत्त्व : तज्ञाकडे जाण्याचा मोठा लाभ यंत्रापेक्षा निदानात आहे. स्त्रियांच्या ओठांवर, हनुवटीवर, छातीवर वा पोटावर पुरुषांप्रमाणे राठ केस येणे यास अतिरोमता म्हणतात. फेरीमन व गॉलवे यांनी १९६१ मध्ये सुचविलेली गुणांकनपद्धती तिचे प्रमाण ठरविण्यासाठी आजही वापरली जाते. अतिरोमतेच्या बहुसंख्य रुग्णांत बहुपुटीय अंडाशयाचा लक्षणसमूह (पीसीओएस) आढळतो. अनियमित पाळी, वंध्यत्व व मधुमेहाची प्रवृत्ती यांच्याशी त्याचा संबंध असल्यामुळे केस हे त्या विकाराचे केवळ दृश्य चिन्ह असते. थोड्या महिन्यांत झपाट्याने केस वाढणे, आवाज घोगरा होणे किंवा टक्कल पडू लागणे ही लक्षणे क्वचित अंडाशयाच्या वा अधिवृक्क ग्रंथीच्या अर्बुदाची निदर्शक असतात व त्वरित तपासणीची गरज दर्शवितात. मिनॉक्सिडिल, फेनिटॉइन, सायक्लोस्पोरीन यांसारख्या औषधांनीही केस वाढतात. मूळ कारण तसेच ठेवून केवळ केस काढत राहिल्यास नवी लव केसांत बदलत राहते व उपचाराला अंत राहत नाही. याउलट हॉर्मोनांवरील उपचारांनी नवे केस येणे मंदावते. पण आधीच जाड झालेले केस त्यांनी जात नाहीत. म्हणून दोन्ही उपचार जोडीने करावे लागतात.

अशा स्त्रियांच्या बाबतीत आणखी एक धोका संभवतो. चेहऱ्यावर, विशेषतः जबड्याच्या कडेने व मानेवर, प्रकाशोपचारानंतर केस कमी होण्याऐवजी वाढल्याची उदाहरणे आहेत. पुटक नष्ट करण्यास अपुरी, पण लवेला चेतना देण्यास पुरेशी ऊर्जा मिळाल्यामुळे असे होत असावे, असे मानले जाते. सावळी त्वचा व हॉर्मोनांचा असमतोल असलेल्या स्त्रियांत हे प्रमाण अधिक आढळते. म्हणून त्यांनी चेहऱ्यावर घरगुती उपकरणाचा प्रयोग तज्ञाच्या सल्ल्याशिवाय करू नये.

दक्षता : कोणताही प्रकाशोपचार डोळ्याच्या खोबणीच्या आतील भागावर करीत नाहीत. भुवया काढताना लेसरमुळे नेत्रातील कनीनिकेला (बुबुळातील रंगीत पडद्याला) इजा झाल्याची उदाहरणे नोंदली गेली आहेत. तीळ, गोंदण, ताजे उन्हाने काळवंडलेले भाग व जंतुसंसर्ग झालेली त्वचा यांवर उपचार टाळतात. प्रकाशोपचारापूर्वी काही आठवडे केस उपटत नाहीत, कारण पुटकात केसच नसल्यास प्रकाश शोषला जात नाही. वस्तऱ्याने केस काढणे मात्र चालते. हृदयस्पंदकारक (पेसमेकर) बसविलेल्या व्यक्तींनी विद्युत् विच्छेदन वैद्याच्या अनुज्ञेशिवाय करून घेऊ नये. वण उंच वाढण्याची प्रवृत्ती असलेल्यांनी ती आधी सांगावी. सुई निर्जंतुक व एकदाच वापरावयाची असावी. अन्यथा यकृतशोथाच्या विषाणूंचा प्रसार संभवतो.

वेदनाशामक मलमांविषयीही सावधगिरी हवी. लेसर उपचारापूर्वी घरीच पायांवर तीव्र बधिरक मलम लावून वर प्लॅस्टिकचे वेष्टन गुंडाळल्यामुळे अमेरिकेत २२ व २५ वर्षांच्या दोन तरुणी मरण पावल्या. मोठ्या भागावर लावलेले व झाकलेले औषध त्वचेतून रक्तात अधिक प्रमाणात शोषले जाते, असा इशारा त्या देशाच्या अन्न व औषध प्रशासनाने २००७ मध्ये दिला.

निवड : व्यावसायिक असणे म्हणजे तज्ञ असणे नव्हे. महागडे यंत्र कोणतेही सौंदर्यगृह विकत घेऊ शकते; पण त्वचेचा रंग, केसांची जाडी व रुग्णाचा पूर्वेतिहास पाहून तरंगलांबी, ऊर्जा व स्पंदकाल ठरविण्याचे ज्ञान यंत्राबरोबर येत नाही. उपचार करणाऱ्याने आधी पाळी, औषधे व पूर्वीचे विकार यांविषयी विचारपूस करावी, लहानशा जागी चाचणी घेऊन काही दिवस थांबावे, बैठकींची अंदाजी संख्या व मर्यादा स्पष्ट सांगाव्यात, अशी अपेक्षा असते. ‘एका बैठकीत शंभर टक्के कायमचे’ असे आश्वासन केसाच्या वाढीच्या चक्राशीच विसंगत असल्यामुळे ते अविश्वासार्ह समजावे.

एकंदरीत पाहता हातपायांवरील काळ्या केसांचे प्रमाण कमी राखणे, किंवा तज्ञाकडील उपचारमालिकेनंतर मिळालेला परिणाम टिकविणे, यांसाठी त्वचेच्या रंगास योग्य असे घरगुती उपकरण उपयोगी पडू शकते. चेहऱ्यावरील केस, अतिरोमता, सावळी वा काळी त्वचा, पांढरे केस आणि पुटकाचा खरोखर कायमचा नाश ही कामे त्वचारोगतज्ञाकडे किंवा प्रशिक्षित विद्युत् विच्छेदकाकडे सोपविणे श्रेयस्कर होय. केस वाढणे हा बहुतेकदा रोग नसतो व ते काढणे आवश्यकही नसते. काढावयाचे ठरविल्यास मात्र त्याची किंमत त्वचेला मोजावी लागू नये, इतकी काळजी घेणे इष्ट असते.